जिवंत माणसाची मूठ

आमच्या घरात मुलींची मूठ नसायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या मुठीवरून झालं आणि मला त्यात बोलायचा अधिकार नव्हता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसायची. नारळालाच डोळे, नाक, नथ लावून, लुगडं नेसवून चौरंगावर मांडलेली ती देवी. नारळ दरवर्षी तोच. माझ्या आजीनं जाताना तो मायच्या ओटीत घातला होता, म्हणून जळगावातल्या आमच्या घरी भाऊबंदांची सगळी घरं जमायची. आदल्या दिवशी दुपारी रोटांसाठी गहू काढायचे. थोरल्या पुरुषानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि घरच्या सुनेनं त्या नावानं एक भरगच्च मूठ सुपात टाकायची. त्या गव्हाचं पीठ जात्यावर दळायचं, त्याचे जाड रोट भाजायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. सोयऱ्याधायऱ्यांना नाही, शेजाऱ्यांना नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. उरलेला तुकडा उंबऱ्याबाहेर जायचा नाही. आणि एकदा ज्याच्या नावानं मूठ पडली, त्याची मूठ तो जिवंत असेपर्यंत काढायची नाही. मूठ काढली म्हणजे माणूस गेला, असा तिचा अर्थ.

आम्ही वडिलांना नाना म्हणायचो. त्यांची स्टेशनापाशी केळीची वखार होती. पिंप्राळ्याच्या शिवारातल्या आमच्या आणि इतरांच्याही बागांतले घड तिथं येत, आणि वॅगनमध्ये पाचट घालून ते वर, कानपूर-काशीकडे रवाना होत. नाना बेचाळीसला तुरुंगात जाऊन आले होते. त्यामुळे त्यांना दोन सवयी जडल्या होत्या: सूत कातायची आणि कुणालाही घरी जेवायला घेऊन यायची. पहिलीचा मायला त्रास नव्हता. दुसरीबद्दल ती म्हणे, "तुरुंगमा भाकर फुकट भेटे, म्हनीसन तुमले वाटस सगळीकडे फुकटच भेटस." माय शिरपूरकडची. जळगावात उभा जन्म गेला, पण तिनं बोली सोडली नाही आणि जिभेची धारही सोडली नाही. माझ्यात जे काही तिखट आहे ते तिचंच.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नानांच्या काशीच्या आडत्यानं एक माणूस पाठवला. हाडकुळा, गोरा, बारीक डोळ्यांचा, खांद्याला झोळी. नाव धर्मप्रसाद. नेपाळचा. तिथं राणांचं राज्य होतं, आणि त्यांच्याविरुद्ध काशीत बसून पत्रकं छापणाऱ्या पोरांमागं राणांचे हेर लागले होते. त्यात याची छाती खराब. डॉक्टरनं सांगितलं होतं, कोरड्या हवेत जाऊन राहा. कोरड्या हवेबद्दल खानदेशाचा हात कोण धरणार? वैशाखात आमच्याकडे ओला कपडा झटकेपर्यंत वाळतो. आडत्यानं नानांना निरोप दिला, "चार महिने ठेवून घ्या." तो तीन पावसाळे राहिला.

पहिल्यांदा मायला तो अजिबात आवडला नाही. त्याच्या खोकल्याचं तिला भय. त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायची, राखेनं वेगळं घासायची, आणि हे त्याला दिसेल अशा बेतानं घासायची. तो मात्र रोज स्वतः उठून ते धुवायचा आणि उन्हात पालथं घालायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याला पहिल्या दिवशी गिळेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भाभी, यह तो पत्थर है." वर्षभरात तोच माणूस ठेचा मागून घ्यायला लागला. एकदा त्यानं मुळ्याचा पाला उन्हात कोमेजवला, मडक्यात ठासून भरला आणि तोंड बांधून ठेवला. आठवड्यानं उघडला तेव्हा घरभर आंबट वास. माय पदर नाकाला लावून म्हणाली, "भाऊ, हाई सडेल पाला तुमना देशमा खातस का?" त्यानं तो वाळवला, लसूण-मिरचीवर त्याचं कढण केलं आणि भातावर वाढलं. माय नको नको म्हणत दोनदा भात घेऊन जेवली. गुंद्रुक म्हणतात त्याला. पुढे ती स्वतः घालायला लागली आणि शेजारणींना सांगायची, आमच्या शिरपूरकडचं आहे.

संध्याकाळी वखारीतून आल्यावर नाना चरखा घेऊन ओट्यावर बसत आणि तो बोलत बसे. मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता शेंगा फोडत ऐकायचो. त्याच्या गावाला रस्ता नव्हता, आजारी माणसाला पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत बसवून दोन डोंगर उतरायचे. तिथं शाळा काढणं हा गुन्हा होता. "नाना, एक दिन हमारा राज होगा, तो पहले रास्ता, फिर स्कूल," तो म्हणायचा. त्याचं बोलणं खरं होतं. आज इतक्या वर्षांनी, त्याच्याबद्दल एकही गोड शब्द मनात उरलेला नसताना, मी हे लिहिते आहे. त्या ओट्यावरचा माणूस ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर काशीहून त्याचा कुणी गाववाला आला आणि बातमी सांगून गेला. राणांच्या दरबारात याच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. मुलगा द्रोही ठरला, घरदार जप्त होणार. तेव्हा म्हाताऱ्यानं भर दरबारात सांगितलं की हा मुलगा मला मेला, आणि खरोखरच त्याच्या नावानं नदीवर पाणी सोडलं. घरदार वाचलं. धर्मप्रसादनं हे जेवताना सांगितलं, हसत सांगितलं, आणि मग हातातला घास ताटात ठेवून बाहेर गेला. मायनं त्या दिवसापासून त्याचं ताट आमच्या ताटांत मिसळलं.

मग कानबाईचा शनिवार आला. भाऊबंद जमले. थोरले आबा, म्हणजे नानांचे सख्खे थोरले भाऊ, पिंप्राळ्याहून बैलगाडीनं आले होते. उंच, फेट्याचा माणूस. त्यांच्यासमोर माय कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि बोलत तर नसेच. आबा नावं घेत होते, माय मुठी टाकत होती. आबांची स्वतःची, त्यांच्या मुलांची, चुलत्यांची, नानांची, शेवटी वसंताची. आबांनी हात जोडायला घेतले तोच नाना म्हणाले, "आखो एक. धर्मप्रसादनी."

मायनं हात गव्हात घातलेला होता, तो तिथंच थांबला. आबांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, "हाऊ कोन?"

"मना भाऊ शे," नाना म्हणाले. "त्याना घरनासनी त्याले मरेल म्हनी टाकं. आठे तो जित्ता शे. कानबाईले कळू दे."

"मना पाठवर तू जनमना," आबा म्हणाले. "तुना पाठवर कोनी जनमेल मी दखं नही. ना जात माहीत, ना कूळ. वरथीन खोकलस. तुना बायकोले सांग, हात काढ."

धर्मप्रसाद दारात उभा होता. काय चाललंय ते त्याला सगळं कळत होतं. आदल्या श्रावणातली कानबाई त्यानं पाहिली होती. तो पुढं येऊन म्हणालाही, "नाना, रहने दीजिए." पण नाना एकदा बोलले की बोलले. नुसते मायकडे बघत राहिले. आणि मायनं, जी नवऱ्याला दिवसातून दहा वेळा टोचून बोलायची, तिनं जेठासमोर ती मूठ उचलली आणि सुपात टाकली. गहू गव्हात मिसळला. त्यातला कुठला कुणाचा, हे आता देवीलाही सांगता आलं नसतं.

आबा उठले. "बठ्ठा दाना बाटी गया. हाई पीठ आमना पोटमा जावाव नही," म्हणाले, आणि देव्हाऱ्यातला नारळ त्यांनी आपल्या उपरण्यात बांधून घेतला. कुणी अडवलं नाही. बाकीचे भाऊबंद चपला घालून त्यांच्या मागं. दारातून वळून आबा नानांना म्हणाले, "आजपाईन तुनी मूठ नही. तुना आंडोरनी बी नही." त्याच दुपारी पिंप्राळ्यात पुन्हा गहू मोजले गेले. त्या मुठींत माझे वडील आणि माझा भाऊ नव्हते.

ते गेल्यावर माय सूप तसंच पुढं घेऊन बसली होती. धर्मप्रसादनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाला, "वहिनी, मी हाई कधी भुलसू नही." नंतर माय मला म्हणाली, "जित्ता माणूसनी मूठ काढी त्यासनी." वखारीत नानांना साधा ताप आला तरी ती पांढरी पडायची. देवीनं ऐकलं असेल, असं तिला वाटायचं. नाना हसायचे. त्यांचा देवीवर फारसा विश्वास नव्हता. त्यांनी माणसांवर विश्वास ठेवला, आणि तो जास्त महाग पडला.

पुढल्या वर्षी नेपाळात उठाव झाला आणि धर्मप्रसाद गेला. मायनं त्याला वाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पुरचुंडीभर वाळलेलं गुंद्रुक दिलं. राणांचं राज्य गेलं ते आम्ही चहाच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकलं. नानांनी वखारीतल्या हमालांना पेढे वाटले. मग काशीच्या आडत्याकडून खबरा येत राहिल्या. धर्मप्रसाद पक्षाचा चिटणीस झाला, मग उपमंत्री, मग मंत्रिमंडळ मोडलं, पुन्हा जमलं, आणि या खेपेला तो शेतीखात्याचा मंत्री. हिंदी वर्तमानपत्रात फोटो आला. अंगात कोट, डोक्यावर तिरकी टोपी, गाल भरलेले. नानांनी तो कापून चरख्याच्या पेटीत ठेवला. पत्रं पहिल्यांदा महिन्याला येत, मग दिवाळीला, मग छापील शुभेच्छा.

आणि पिंप्राळ्यात चमत्कार झाला. आबा बाजारात, जिनिंगात, कोर्टाच्या आवारात सांगायला लागले, "नेपाळना मंत्रीनी मूठ आमना घरमा पडस." खरोखर पडायला लागली. ज्या मुठीवरून आम्हाला बाहेर काढलं, ती मूठ आबांच्या घरात मानानं पडायची, आणि नानांची नाही. जात विचारणारे, कूळ विचारणारे, खोकल्याला भिणारे सगळे गप्प. नाना ऐकून म्हणाले, "चला, मानलं तर खरं." माय म्हणाली, "भाऊले मानं नही. मोटारले मानं."

मी मॅट्रिकला होते त्या श्रावणात तो आला. भारत सरकारचा पाहुणा म्हणून कापूस आणि केळीबागा बघायला खानदेशात. धुळ्याहून मोटारीनं जळगाव, एक रात्र सरकारी विश्रामगृहात मुक्काम, दुसऱ्या दिवशी रेल्वेनं दिल्ली. आणि नेमके ते दिवस रोट खायचे. आबांनी पुढाऱ्यांकडून कार्यक्रम ठरवून घेतला: पिंप्राळ्याची बाग, आणि मग आबांच्या घरी कानबाईचं जेवण. माय दोन दिवस घर सारवत होती. तांदूळ निवडला. गुंद्रुक काढून चाखून बघितलं. सकाळी नाना निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "त्याले काही मांगू नका. फक्त सांगा, पंगतमा बसाना पहिले इचार, नानानी मूठ कोठे शे. तेवढं एक वाक्य. तो बोलना ते आबा नही म्हनाव नही." मायला नारळ परत नको होता, मानपान नको होता. नवऱ्याचं नाव जिवंतांत हवं होतं.

मी नानांबरोबर गेले. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तो आम्हाला बघून धावत आला, नानांच्या गळ्यात पडला. डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सुमन इतनी बड़ी!" छाती बरी झाली होती, एकदाही खोकला नाही. नानांनी चहा संपू दिला आणि मग मायचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला. तो ऐकत असतानाच त्याचा चेहरा बदलत गेला. रागाचा नाही, अडचणीत सापडलेल्या माणसाचा झाला. पलीकडे कलेक्टर उभे होते, पुढारी घड्याळ बघत होते.

"नाना," तो हलकेच म्हणाला, "मैं यहाँ सरकारी मेहमान हूँ. घर के झगड़े में कैसे पड़ूँ? ये लोग क्या सोचेंगे? आप तो समझते हैं."

"समजतो," नाना मराठीत म्हणाले. तेवढंच.

पिंप्राळ्याला आम्ही गर्दीबरोबर गेलो. का गेलो, मला आजही सांगता येत नाही. नानांना बहुधा वाटलं, ताटावर बसताना तरी त्याला आठवेल. आबांच्या ओसरीवर पाट मांडले होते. आम्ही अंगणात, कडुलिंबाखाली, ढोल वाजवणाऱ्यांच्या मागं. रोट वाढले, खीर वाढली, तूप वाढलं. त्यानं बसण्याआधी अंगणात नजर टाकली आणि ती नानांवर थांबली. मी पाहिलं. मग आबा त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाले, तो हसला, आणि पाटावर बसला. रोटाचा तुकडा मोडला. ज्याच्या बापानं त्याला जिवंतपणी मेला म्हटलं होतं, तो माणूस, ज्यांनी त्याला जिवंत म्हटलं त्या नानांना मेलेलं ठरवणाऱ्या पंगतीत, तूप लावून जेवला. नानांनी माझा हात धरला आणि आम्ही पायी घरी आलो.

माय दारातच होती. "जेवना का?" तिनं विचारलं.

"जेवना," नाना म्हणाले.

ती आत गेली आणि गुंद्रुकाचं कढण गाईच्या घमेल्यात ओतून आली. संध्याकाळी विश्रामगृहाचा शिपाई मंत्रीसाहेबांकडून तिच्यासाठी एक शाल घेऊन आला. चांगली होती, डोंगरातल्या लोकरीची, मऊ. मायनं ती वखारीत पाठवली. केळीचे घड पिकवायला झाकून ठेवतात, त्यावर ती शाल सडेपर्यंत पडून राहिली. हमाल म्हणायचे, या शालीखाली माल लवकर पिकतो.

त्यानंतर नाना कमी बोलू लागले. चरखा सुटला. अशा वेळी लोक म्हणतात माणूस खचला, पण मला वाटतं नाना फक्त विचार करत होते. काही वर्षांनी नेपाळात राजानं मंत्रिमंडळ बरखास्त केलं आणि मंत्र्यांना कैदेत टाकलं. ती बातमी आली तेव्हा नाना अंथरुणाला खिळले होते, दम लागायचा. पुढच्या श्रावणात पिंप्राळ्याहून कुणीसं सांगत आलं की आबांनी यंदा नेपाळवाल्याची मूठ टाकली नाही. कैद्याची मूठ घरात कशाला, उगाच पोलिसांचं लचांड! मी मोठ्यानं हसले. त्या वयात मला तो न्याय वाटला. म्हटलं, बरं झालं, आता कळेल त्याला.

मायनं माझ्याकडे बघितलं आणि सूप घेतलं. आमच्या घरात देवी नव्हती, चौरंग नव्हता, नावं घ्यायला थोरला पुरुष नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि स्वतःच नावं घेऊ लागली. नानांचं नाव घेऊन एक मूठ. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा उखाण्याशिवाय घेतलं. वसंताची एक. मग हात गव्हात तसाच राहिला, अगदी त्या शनिवारी राहिला होता तसा. मग ती म्हणाली, "धर्मप्रसादनी," आणि मूठ टाकली.

मी चिडून ओरडले, "माय, त्याची? तो जेवला ना तिथं बसून!"

"जेवना," ती म्हणाली. "माफ मी त्याले कधी करसू नही. पन तो जित्ता शे. जित्ता माणूसनी मूठ काढानी नही. ती काढतस तठे, आम्ही नही." खाटेवर नाना भिंतीकडे वळून रडत होते. त्या पिठाचे तिनं रोट केले नाहीत. साध्या पोळ्या केल्या आणि आम्हा सगळ्यांना, मलासुद्धा, वाढल्या.

नाना त्याच हिवाळ्यात गेले. आबा आले, दारातूनच भावाच्या नावानं हंबरडा फोडत आले. माय आयुष्यात पहिल्यांदा जेठाशी थेट बोलली. पदर सारखा करून शांतपणे म्हणाली, "आबा, तुम्ही कसाले रडतस? तुमनं सूतक ते कधीनंच फिटी गयं." आबा ओसरीवरूनच परत गेले.

धर्मप्रसाद पुढं राजाशी जुळवून घेऊन सुटला आणि पुन्हा मंत्री झाला, या वेळी राजाच्या बाजूनं. त्याच्या गावाला रस्ता झाला म्हणतात, शाळाही झाली. झाली असेल. माय जाईपर्यंत दर श्रावणात त्याची मूठ पडत राहिली, आणि तिच्यामागं वसंताच्या बायकोनं ती तशीच चालू ठेवली, कुणाची ते न विचारता.

परवा एका वर्तमानपत्रात कोपऱ्यात त्याच्या निधनाच्या चार ओळी आल्या. ज्येष्ठ नेते, माजी मंत्री, लोकशाहीचे लढवय्ये. मी वसंताकडे गेले. कानबाईचा शनिवार होता, त्याची बायको सूप घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, शेवटची मूठ आता टाकू नकोस, तो माणूस गेला. ती म्हणाली, "बरं, अक्का," आणि मुठीतले गहू डब्यात परत ओतले. त्याची मूठ आम्ही तो मेल्यावर काढली. माझ्या वडिलांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.